आत गेलेला डोळा

"डावा डोळा मोठा दिसायला लागलाय सासूबाईंचा," सून म्हणाली. काकू गप्प. डोळा पुढे आलाय म्हटलं की आमचा हात आपोआप थायरॉईडच्या तपासण्यांकडे जातो. माझाही गेला. रिपोर्ट नॉर्मल आले.

दुसऱ्या खेपेला मी काकूंच्या मागे उभा राहिलो, त्यांचं डोकं जरा मागे कलवलं आणि कपाळावरून खाली पाहिलं. मग समोर बसून, डोळा किती पुढे आहे ते मोजणारं हर्टेलचं माप लावलं. डावा 17 मिलिमीटर, उजवा 13. सतरा म्हणजे चारचौघांसारखाच. डावा मोठा झालाच नव्हता, उजवा आत गेला होता! पंधरा दिवस मी चांगल्या डोळ्याच्या मागे लागलो होतो.

सुनेला केसपेपरवर शिक्का आणायला पाठवलं आणि पुन्हा विचारलं, "आधी काही ऑपरेशन?" पहिल्या वेळी उत्तर "नाही" होतं. आता काकूंनी पदर सारखा केला. "एक बाजू काढलीय. अकरा वर्षं झाली. पण ते तर बरं झालं ना? आणि डोळ्याचा त्याच्याशी काय संबंध?"

संबंध रक्ताचा. जुन्या कॅन्सरच्या पेशी रक्तातूनच डोळ्यापर्यंत पोचतात. बहुतेक गाठी डोळ्याच्या खोबणीत वाढल्या की डोळ्याला बाहेर ढकलतात. स्तनाच्या कॅन्सरची एक जात मात्र उलटी वागते. डोळ्यामागच्या चरबीत ती तंतूतंतूंनी पसरते, भाजल्याचा वण आवळतो तशी आवळते आणि डोळा आत ओढून घेते. बुबुळ हलेना, दोन-दोन दिसायला लागतं. डोळ्याच्या आत शिरली, तर बहुतेक वेळा पडद्याखालच्या कोरॉइडमध्ये, कारण रक्ताचा खरा ओघ तिथेच. मग सायीच्या रंगाचा डाग, भोवती पाणी, आणि पेशंट येतो तो "नंबर बदलला वाटतं" म्हणत. अशा वेळी दुसरा डोळाही बाहुली मोठी करून बघायचाच.

तुकडा तपासला, निदान पक्कं झालं. रेडिएशन, हार्मोनच्या गोळ्या. आता मी "ऑपरेशन" हा शब्दच वापरत नाही. "कधी गाठ काढली होती? छातीला शेक घेतले होते?" असं विचारतो, तेही सोबतचं माणूस बाहेर गेल्यावर.

काकूंचं दोन-दोन दिसणं कमी झालं, डोळा आतच राहिला. तपासणीला आल्या की माझी वाट न बघता खुर्चीत बसून डोकं मागे टाकतात. "मोजा," म्हणतात.