उतईहून सुपेल्यापर्यंत

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की सुमारे चार तासांत दुर्ग येते. तिथून पुढे, भिलाईच्या दक्षिणेला उतई हे लहानसे गाव आहे. भोवती भाताची शेते, जवळच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र. या मुलखात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे आहेत. अशाच एका घरी आमचा मुक्काम होता. घरातील मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि लॅपटॉप घ्यायचा होता.

नेवईवरून, तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या बाजूने आम्ही सुपेल्याच्या बाजारात पोहोचलो. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. दिसायला सारखेच, पण एक बराच स्वस्त. त्याच्या खोक्यावर 'फ्री डॉस' लिहिले होते. म्हणजे त्यात विंडोज नव्हते. ''विंडोज मी फुकट टाकून देतो,'' दुकानदार म्हणाला. वडिलांचा चेहरा उजळला. मुलीने मात्र विचारले, ''बिलावर लिहून द्याल?'' तो हसून गप्प बसला.

शेत घेताना आपण सातबारा पाहतो, इकडची माणसे खसरा पाहतात. मग लॅपटॉप घेतानाच कागद का विसरतो? नकली प्रतीसोबत व्हायरस येऊ शकतो आणि बँकेचा पासवर्ड चोरीला जाऊ शकतो. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ साली घातलेल्या कलम ६३बी नुसार, बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे.

खरेदीला जाताना एवढे लक्षात ठेवा. विंडोज आधीच घातलेला लॅपटॉप शक्यतो घ्या. त्याचा परवाना त्या यंत्राशीच जोडलेला असतो. वेगळा परवाना घेतल्यास तो नव्या यंत्रावर नेता येतो का, हे आधी विचारा. घरच्या वापराला 'होम' आवृत्ती पुरते. दोनचारशे रुपयांत मिळणाऱ्या २५ अक्षरी किल्लीच्या मोहात पडू नका. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून ११ च मागा. दुकानातच सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडून खात्री करा आणि बिलावर विंडोजचे नाव लिहून घ्या.

पैसे कमी असतील तरी चोरी हा एकच मार्ग नाही. सी-डॅकने बनवलेली बॉस किंवा उबुंटू या प्रणाली मोफत आणि कायदेशीर आहेत. पण कॉलेजला लागणारे सॉफ्टवेअर त्यांवर चालते का, ते आधी विचारून घ्यावे.

आमच्या मुलीने विंडोजसह असलेला लॅपटॉप निवडला. वडिलांनी काही हजार जास्त मोजले, पण पक्के बिल हातात घेऊनच ते बाहेर पडले. त्यांची कुरकूर फार टिकली नाही. १९५९ पासून ज्या शहराच्या भट्ट्या पेटलेल्या आहेत, तिथल्या कारखान्यात घडणाऱ्या प्रत्येक रुळावर बनवणाऱ्याची खूण आणि वर्ष उमटवलेले असते. खूण नसलेला रूळ रेल्वे घेत नाही. घरासाठी खरेदी करताना आपणही तेवढीच चौकसी ठेवायला काय हरकत आहे?