वडखळ नाक्यावर एनआरआय

वडखळ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला विचाराल तर, ट्रॅफिक! मुंबईहून निघालेल्या प्रत्येक वीकेण्डवाल्याने इथे एकदा तरी हॉर्न वाजवलाय. उजवीकडे वळलात तर अलिबाग, डावीकडे गेलात तर गोवा, आणि मधे अडकलात तर कलिंगड खा. वडखळला कुणी राहतं, हे आपल्या गावीही नसतं.

माझी आत्या राहते. वय त्र्याऐंशी, महापालिकेच्या शाळेतली रिटायर्ड बाई. नाक्यापासून आत, दुसऱ्या मजल्यावर तिचा वन बीएचके आहे. काका मूळचे इथल्या खारेपाटातले. रिटायर झाल्यावर त्यांनी डोंबिवलीची खोली विकली आणि गावच्या जवळ, पण बाजार आणि एसटीही हाताशी, म्हणून वडखळ निवडलं. लोकांनी वेड्यात काढलं होतं.

गेल्या मार्चात तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, न्यू जर्सीहून आला. दादा माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, साठीचा, आणि डोक्यात एकच विषय: रिटायरमेंट. त्याच्या ऑफिसातल्या गोऱ्यांचा म्हणे हल्ली हाच छंद आहे. जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप उघडून जगातला स्वस्त देश शोधायचा. पनामात महिना हजार डॉलरची कायमची पेन्शन दाखवली की राहायला परवानगी. थायलंडला पन्नाशी उलटलेली हवी आणि बँकेत आठ लाख बाथ, की झालं काम. कुणी पोर्तुगालची भाषा शिकतोय. ‘‘आणि मी यांचं ऐकत बसलोय,’’ दादा अटल सेतूवर मला म्हणाला, ‘‘माझा पनामा तर वडखळला आहे!’’

(सेतूवर तो टोलचा बोर्ड बघून गप्प झाला होता. एका फेरीचे अडीचशे. लगेच डॉलरमध्ये भाग दिला आणि पुन्हा खूष.)

गणित ऐकायला सॉलिड वाटतं. अमेरिकेत 2025 मध्ये निवृत्तांना सोशल सिक्युरिटीचे सरासरी महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास मिळत होते. न्यू जर्सीतल्या घराचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स 2024 मध्ये वर्षाला दहा हजारांच्या वर गेला. म्हणजे घरकर्ज फिटलं तरी त्याच घरात राहण्याचे महिना आठशे डॉलर मोजा. बर्फ काढणारा वेगळा. इकडे आत्याची वही. ती अजून रोजचा हिशेब लिहिते: दूध, भांड्यांची बाई, लाइट, गॅस, औषधं, भिशी, रिक्षा. महिना बावीस हजार. दादाने डॉलर पंच्याऐंशीला धरून मोबाइलवर आकडा काढला आणि मला दाखवला. दोनशे साठ डॉलरच्या आत!

संध्याकाळी आम्ही नाक्यावर उतरलो. बायपास झाल्यापासून गोव्याच्या गाड्या बाहेरून जातात, पण अलिबागवाले अजून इथूनच घुसतात, त्यामुळे गंमत संपलेली नाही. पांढऱ्या कांद्याच्या माळा लागल्या होत्या. हा अलिबागचा कांदा, त्याला जीआय मिळालंय. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी नाही. पुढे मासळीवाली. तिच्यापुढे जिताडा पडलेला, चांगला हातभर. खारेपाटात गावच्या तळ्यात हा मासा पोसतात आणि पाहुण्याला मान द्यायचा तर तोच करतात. दादाने भाव विचारला, ऐकला आणि ‘‘चीप आहे गं!’’ म्हणाला. बाई आत्याला ओळखत होती. हसून म्हणाली, ‘‘बाय, तुजे पोराला सांग, रोज जिताडा खाल त पेन्शन नाय पुरनार.’’

रात्री गॅलरीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याचे दिवे दिसतात. पूर्वी इस्पात, 2010 च्या शेवटी जिंदालकडे गेला. कामगार, कंत्राटदार सगळे खोल्या शोधत वडखळला येतात, त्यामुळे भाडी काही आता गावासारखी राहिलेली नाहीत. दादाला मात्र भाड्याने राहायचं नव्हतंच. त्याला हवं होतं टुमदार घर, समोर चार आंबे, मागे विहीर.

आणि इथे पहिली माशी शिंकली. दादा अमेरिकन नागरिक, हातात ओसीआय कार्ड. ते असलं की व्हिसा नको, जन्मभर या-जा करा, फ्लॅटही घ्या. पण शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. शिवाय आपल्याकडे 1948 च्या कूळकायद्याने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन एरवीही मिळत नाही. एजंटने दाखवलेले तिन्ही ‘प्लॉट’ सातबाऱ्यावर शेतीच निघाले. ‘‘नंतर एनए करून देतो ना साहेब,’’ असं तो चहा संपेपर्यंत म्हणत राहिला. (तुमच्यापैकी जे कुणी अलिबागच्या वाटेवर स्वस्तात गुंठे बघताय, त्यांनी हे वाक्य नीट ऐकून ठेवा.)

‘‘पण बाबांची जमीन?’’ दादाला आठवलं. वारशाने ती त्याला मिळू शकते, कायदा आड येत नाही. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. बांधापर्यंत गाडी, पुढे पायी. बांध कधीतरी भरतीत फुटला, वेळेवर कुणी बांधला नाही, खारं पाणी आत आलं आणि भातशेतीच्या जागी आता कांदळवन. ते तोडायला बंदी. दादा बराच वेळ उभा होता. त्या चिखलात लहानपणी तो निवट्या पकडायचा, हे मला तेव्हा कळलं.

परतताना एका वाडीत टँकर लागलेला, भोवती हंडे. हेटवणे धरण याच पेण तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि खारेपाटातल्या गावांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलीय. वहीत पाण्याचा खर्च का नव्हता, असं दादाने विचारलं. आत्या म्हणाली, ‘‘आमच्या बिल्डिंगला येतं म्हणून. बंगला बांधलास की लिहायला लागशील.’’

तब्येतीचं तिने काढलं नाही, दादानेच काढलं. त्याचा कागद तयार होता. पासष्टीनंतरचं मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास चालतच नाही. सोडून दिलं आणि पुढे परत हवं झालं तर दंडासकट जास्त हप्ता. इकडचा विमा घ्यावा तर जुन्या दुखण्यांना तीन वर्षांपर्यंत थांबा. आत्याला सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड मिळालं, 2024 पासून पाच लाखांचं, ते भारतीय नागरिकांसाठी. दादा त्यात नाही. तो हे सगळं रकान्यांत वाचून दाखवत होता. आत्या लसूण सोलत होती.

मग ती म्हणाली, ‘‘ह्यांच्या वेळेला पैसे होते रे.’’

2014 चे गणपती. मला फक्त एवढंच माहीत होतं की काका अटॅकने गेले. कसे, ते आत्याने त्या रात्री सांगितलं. छातीत दुखायला लागलं रात्री अकराला. खालच्या किराणावाल्याने गाडी काढली. पण कोकणात निघालेल्यांनी उलट्या बाजूनेही गाड्या घातलेल्या, दोन्ही लेन बंद. तो पोरगा लुंगीवर गाडीपुढे धावत ट्रकवाल्यांच्या हातापाया पडत होता. दहाएक किलोमीटरवरच्या पेणला पोचायला दीड तास लागला. पेणला सांगितलं, पनवेलला न्या. काका खारपाड्याच्या पुलाच्याही अलीकडे गेले. दादा तिसऱ्या दिवशी पोचला होता.

‘‘आता बायपास आहे आई,’’ दादा हळूच म्हणाला.

‘‘आहे की. मी कुठे नको म्हणते वडखळला? मला इथे बरं चाललंय. तो किराणावाला रोज सकाळी दुधाची पिशवी देताना बेल दाबून, मी दार उघडेपर्यंत उभा राहतो. त्याचे पैसे वहीत नाहीत.’’ मग थोडं थांबून, ‘‘तू स्वस्त आहे म्हणून येतोयस, की मी आहे म्हणून? दोन्ही चालेल. पण मी काही फार वर्षं नाही. नंतर इथे तुझं कोण आहे?’’

दादाने लॅपटॉप मिटला. मला वाटलं, आता तो पनामाचं काढणार! नाही काढलं. सकाळी सहाला उठून दुधाची पिशवी घ्यायला तोच खाली गेला आणि तासाभराने वर आला. किराणावाल्याच्या आजोबांनी आणि दादाच्या आजोबांनी एका बांधावर काम केलेलं निघालं. वर येताना हातात कांद्याची माळ. न्यू जर्सीला नेणार म्हणे.

‘‘कस्टमवाले काढून घेतील,’’ मी म्हटलं.

आत्याने ती काढून घेतली आणि स्वयंपाकघरात खुंटीला टांगली. ‘‘हा कांदा टिकतो. दिवाळीत ये, आहे का बघू.’’

दादाने फोन काढून दिवाळीच्या तिकिटाचे भाव बघितले. डॉलरमध्ये.