पत्र्यावरचे महायुद्ध

पावससारख्या किनारी गावात भिंतीवर काय टांगावे, हा प्रश्न आधी हवामानाचा आणि मग अभिरुचीचा असतो. कारण रत्नागिरीच्या या पट्ट्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, चिऱ्याची भिंत ते पाणी शोषून घेते आणि काचेच्या चौकटीत बसवलेला कागद दोन-चार पावसाळ्यांत तपकिरी ठिपके धरू लागतो. बुरशी, कसर आणि वाळवी यांच्यापुढे कागदाचा निभाव लागत नाही, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे पावसला वर्षभर येणाऱ्या भाविकांसाठी आणि समुद्राच्या ओढीने येणाऱ्या पर्यटकांसाठी जुन्या घरांतून निवासाची सोय करताना सजावटीचा विचार होऊ लागला, की धातूवर छापलेल्या चित्रांचा, म्हणजे बाजारात ज्यांना मेटल प्रिंट म्हणतात त्यांचा, पर्याय पुढे येतो. या प्रकारात पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धांच्या काळातली व्यंगचित्रे विशेष उठून दिसतात, कारण त्यांची रचना मुळातच मोजक्या रेषांची आणि ठसठशीत काळ्या रंगाची असते.

छपाई आणि पत्रा यांचे नाते वाटते त्यापेक्षा जुने आहे. आज पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी सर्रास वापरले जाणारे ऑफसेट तंत्र, ज्यात शाई आधी एका मधल्या रुळावर आणि तिथून छपाईच्या पृष्ठावर उतरते, ते आरंभी पत्र्यासाठीच निघाले. रॉबर्ट बार्कले यांनी १८७५ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले आणि कागदासाठी ते वापरात यायला विसावे शतक उजाडावे लागले. बिस्किटांचे डबे आणि दुकानांवरच्या पत्र्याच्या पाट्या ही त्या छपाईची घरोघर पोहोचलेली रूपे होती. युद्धकाळात मात्र धातूच दुर्मीळ झाला. जुलै १९४० मध्ये ब्रिटनच्या विमाननिर्मिती खात्याचे मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी गृहिणींना अ‍ॅल्युमिनियमची भांडीकुंडी विमानांसाठी देण्याचे आवाहन केले, आणि मलाया जपानच्या ताब्यात गेल्यावर दोस्तांचा कथिलाचा मोठा पुरवठा तुटला. हे बीव्हरब्रुक ज्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’चे मालक होते, त्याच पत्रात डेव्हिड लो यांची व्यंगचित्रे येत होती, तेव्हा ज्या धातूसाठी स्वयंपाकघरे रिकामी झाली त्याच धातूवर लो यांचे चित्र आज दिवाणखान्यात यावे, यात गंमत आहे.

आज धातूवर चित्र उमटवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. सब्लिमेशन पद्धतीत चित्र आधी एका खास कागदावर उलटे छापतात आणि पॉलिस्टरचा थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर तो कागद ठेवून सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाच्या दाबयंत्रात धरतात, तेव्हा रंगाची वाफ होऊन ती त्या थराच्या आत मुरते. म्हणून बोट फिरवले तरी रंग हाताला लागत नाही. दुसऱ्या, यूव्ही पद्धतीत शाई पत्र्याच्या वर बसते आणि अतिनील प्रकाशाने जागीच वाळते. ही पद्धत स्वस्त पडते आणि साध्या पत्र्यावरही चालते. पण किनाऱ्यावर कडेकडून शाईचे पापुद्रे निघू लागले, की चित्राचा चेहरामोहरा बिघडतो. घरातल्या भिंतीसाठी सब्लिमेशनच बरे, आणि पत्रा पांढऱ्या थराचा व मंद झळाळीचा घ्यावा. पारदर्शक थरातून धातूची चकाकी दिसते, ती निसर्गचित्राला शोभते. व्यंगचित्रातली कोरी जागा मात्र तिच्यामुळे चंदेरी होते आणि शाईच्या रेषेचा सगळा जोर ओसरतो.

चित्र निवडताना रेषेचा फरकही ध्यानात घ्यावा लागतो. लो यांचे १८ जून १९४० चे प्रसिद्ध चित्र पाहावे: फ्रान्स कोसळल्यानंतर खवळलेल्या समुद्राकाठच्या खडकावर एकटा ब्रिटिश सैनिक उभा आहे आणि चाल करून येणाऱ्या विमानांकडे पाहून त्याने मूठ उगारली आहे. हे चित्र कुंचल्याच्या रुंद काळ्या फटकाऱ्यांवर उभे असल्याने दोन फूट रुंदीपर्यंत मोठे केले तरी ढासळत नाही. उलट, ‘फुगास’ या टोपणनावाने व्यंगचित्रे काढणारे सिरिल केनेथ बर्ड यांची रेषा इतकी बारीक आणि तुटक, की फाजील मोठी केल्यास ती पोरकी दिसते. तिला वहीच्या पानाएवढाच पत्रा मानवतो. वृत्तपत्रातून घेतलेल्या चित्रात करड्या छटा बारीक ठिपक्यांच्या जाळीने दाखवलेल्या असतात, आणि ती जाळी स्कॅन करताना चित्रावर नको असलेल्या लहरी उमटतात. म्हणून मूळ पान निदान ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० बिंदू इतक्या सूक्ष्मतेने, स्कॅन करून मगच जाळी मवाळ करावी.

महाराष्ट्राशी या चित्रांचा धागा थेट जुळतो. बाळ ठाकरे लो यांना आदर्श मानत आणि आर. के. लक्ष्मण यांच्यावरही बालपणापासून लो यांचाच ठसा होता, म्हणजे स्वातंत्र्योत्तर मुंबईच्या व्यंगचित्रकलेची मुळे काही अंशी त्या युद्धकालीन रेषेत आहेत. घरच्या भिंतीवर लो लावणे त्यामुळे निव्वळ साहेबी हौस ठरत नाही. तरीही या चित्रांतले युद्ध इंग्रजांच्या खिडकीतून पाहिलेले आहे, हे विसरून चालणार नाही. १९४१ साली इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणी लढल्या, पण लंडनच्या व्यंगचित्रांतून त्यांचा चेहरा क्वचितच दिसतो. आणि शत्रूला, विशेषतः जपानी माणसाला, माकडाच्या रूपात दाखवणारी तेव्हाची असंख्य चित्रे आज विनोद म्हणून टांगणे असभ्यपणाचे आहे. अशा चित्राला संग्रहालयात जागा आहे, जेवणघरात नाही. जे चित्र लावायचे त्याच्याखाली चित्रकार, पत्र आणि तारीख देणारी छोटी पट्टी असावी, नाहीतर युद्धाचा दस्तऐवज केवळ शोभेची वस्तू होऊन बसतो.

पावसमध्ये सर्वाधिक चुका होतात त्या टांगण्यात. टिनप्लेट, म्हणजे कथिलाचा पातळ मुलामा दिलेला पोलादी पत्रा, खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून आणि स्क्रूच्या भोकांपासून गंजू लागतो, तेव्हा जुन्या पाटीसारखा दिसतो म्हणून तो घेऊ नये. अ‍ॅल्युमिनियम तसा गंजत नाही. पण तो लोखंडी किंवा पितळी स्क्रूने आवळला, तर दोन वेगळ्या धातूंमध्ये क्षारयुक्त ओलाव्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि अ‍ॅल्युमिनियमच झिजत जातो. यावर उपाय सोपा आहे: ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि मध्ये नायलॉनचा वॉशर. ओल्या सिमेंटचा गिलावा अल्कधर्मी असतो आणि तो अ‍ॅल्युमिनियमला खातो, शिवाय चिऱ्याची भिंत पावसाळाभर घाम सोडते. म्हणून पत्रा भिंतीला न चिकटवता ठोकळ्यांवर बोटभर पुढे धरावा, म्हणजे मागून हवा खेळती राहते. पडवीत झड येते आणि पश्चिमेच्या भिंतीवर थेट ऊन पडते, ज्याने सब्लिमेशनचे रंग विटतात. त्यापेक्षा ओटीची आतली भिंत किंवा माजघराकडे जाणारा बोळ उत्तम. पुसायला गोडे पाणी आणि मऊ फडके पुरे. सोडा किंवा काथ्या लावू नये.

राहिला हक्काचा प्रश्न. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. पहिल्या महायुद्धातल्या ‘ओल्ड बिल’ या व्यंगचित्रपात्राचे जनक ब्रूस बेर्न्सफादर १९५९ मध्ये आणि लो १९६३ मध्ये वारले, त्यामुळे त्यांची मुदत भारतात अनुक्रमे २०१९ आणि २०२३ अखेर संपली. ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर १९७५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या व्यंगचित्रांचा हक्क २०३५ अखेरपर्यंत आहे. व्यंगचित्रकार शंकर पिल्लई १९८९ मध्ये गेले, त्यांचा २०४९ पर्यंत. या दोघांची चित्रे छापून घेण्याआधी परवानगी मागणे आवश्यक आहे. स्कॅन करून जपून ठेवायला मात्र थांबू नये. ज्यांच्या माळ्यावर युद्धकाळातले ‘किर्लोस्कर’ किंवा ‘मनोहर’ या मासिकांचे अंक गठ्ठ्यांत पडून असतील, त्यांनी येत्या मिरगाच्या आत ते खाली काढावेत, उन्हात न टाकता सावलीत वारा द्यावा आणि पानोपान स्कॅन करून घ्यावेत.