भेंडीला हळद लागते तेव्हा

हळद लागली म्हटलं की आपणा बायकांचे चेहरे कसे खुलतात! पण परसातल्या भेंडीला ‘हळद्या’ लागला, की दीड महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. दुपारी घरी आल्यावर तासभर मागच्या वाफ्यात रमते. डझनभर रोपं असली की चौघांपुरती कोवळी भेंडी घरचीच मिळते. गेल्या उन्हाळ्यात तीन रोपांची शेंड्याकडची पानं पिवळी दिसू लागली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, शेणखत घाल, होतील हिरवी.”

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. खत कमी पडलं तरी पानं पिवळी होतातच. फरक ओळखायचा तो शिरांवरून. पान उजेडाकडे धरून पाहा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर लोह कमी पडलंय. खालची जुनी पानं सबंध फिकट झाली, तर नत्र कमी. पण शिराच पिवळ्याधमक होऊन हिरव्या पानावर जाळं विणल्यासारखं दिसलं, तर तो हळद्या. पुढे सगळं पान पिवळं पडतं. भेंडी फिकट, आखूड आणि चिवट निघते. ती खाल्ल्यानं आपल्याला अपाय होत नाही, एवढंच समाधान.

हा विषाणूचा रोग. १९२४ साली तेव्हाच्या मुंबई इलाक्यात त्याची पहिली नोंद झाली. शंभर वर्षं उलटली, तरी लागण झालेलं रोप बरं करणारं औषध नाही. पानाखाली बसणारी इवलीशी पांढरी माशी रोगट रोपाचा रस शोषते आणि चांगल्या रोपावर जाऊन बसते, की झाली लागण! म्हणून रोगट रोप उपटायलाच हवं.

हे सांगितल्यावर सासूबाई गप्पच झाल्या. बी त्यांनीच पेरलेलं, एका रोपाला कळीही आलेली. “फुलावर आलेलं झाड उपटू नये गं,” एवढंच म्हणाल्या. भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनींचीही भेंडी होती. मी म्हटलं, “आई, माशीला भिंत कुठली आडवी येते?” संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिन्ही रोपं उपटली. पुढे आणखी एक गेलं. आठांची भेंडी मात्र आम्ही पोटभर खाल्ली.

रोप उपटण्याआधी त्यावर पिशवी घालावी, म्हणजे माश्या इकडेतिकडे उडत नाहीत. बी घेताना ‘परभणी क्रांती’ मागा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ही जात हळद्याला बऱ्यापैकी तोंड देते. रोपं लहान असताना विरलेल्या मलमलीनं झाकावीत. वाफ्यातलं तण काढावं. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगलं, की माश्या त्यावर चिकटतात. ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, पानांच्या खालून फवारावी.

मैत्रिणींनो, उद्या झाडांना पाणी घालताना एखादं पान उजेडाकडे धरून पाहा, बरं का!