बॉयकॉटचं क्रियापद

चि. ऋजुतास,


'बॉयकॉट' शब्द मुळात आला कुठून, असं तू परवा विचारलंस. प्रकरण फोनवर आटोपणारं नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

बॉयकॉट हा एक माणूस होता. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. जन्माने इंग्लिश, पण आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीची वसुली बघणारा कारभारी. १८७९ साली तिथलं पीक बुडालं. पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० टक्क्यांवर अडून बसला. सप्टेंबर १८८० मध्ये बेदखलीच्या नोटिसा निघाल्या. त्या बजावायला आलेल्या माणसांना गावातल्या बायकांनी चिखल आणि शेणखत मारून पिटाळलं!

नेमकं त्याच आठवड्यात पार्नेल या पुढाऱ्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं की, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्या अंगाला हात लावू नका, त्याच्याशी बोलणं-चालणं, देणं-घेणं तेवढं तोडा. मेयोच्या लोकांनी तो उपाय थेट कारभाऱ्यावरच चालवला. गडीमाणसं निघून गेली, दुकानदार माल देईनात, टपाल मिळायची पंचाईत झाली. पीक शेतात उभं. शेवटी अल्स्टरहून ५० मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास सोजीर नि पोलीस. पाचएकशे पौंडांच्या पिकापायी दहा हजार पौंड गेले, असा तेव्हाचा अंदाज. डिसेंबर लागताच बॉयकॉटने बिऱ्हाड हलवलं.

शब्दाचं श्रेय जातं जॉन ओमॅली या तिथल्या पाद्र्याकडे. जेम्स रेडपाथ नावाच्या अमेरिकन वार्ताहराने लिहून ठेवलंय की, यासाठी असलेला जडजंबाल इंग्रजी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून ओमॅलीने कारभाऱ्याचं आडनावच क्रियापद म्हणून सुचवलं. वर्ष संपायच्या आत ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. मग फ्रेंच, जर्मन, रशियन, पार जपानीपर्यंत पोचलं.

मला त्यात खटकतं ते वेगळंच. ज्याला टाकलं त्याचं नाव शब्दात राहिलं; टाकणारे कोण होते, याचा त्यात पत्ताच नाही. मेयोत कुळांनी कारभाऱ्याला टाकलं. आपल्याकडचं वाळीत टाकणं बहुतेकदा उलट्या बाजूने व्हायचं: ज्याचं पोट गावावर अवलंबून, त्याचंच काम नि किराणा बंद. बॉयकॉट आयर्लंडमधून गेला आणि महिनाभराने पुण्यात 'केसरी' निघाला. बंगालच्या फाळणीनंतर, १९०५ साली, त्याच 'केसरी'तून लोकमान्यांनी विलायती मालावरच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. आणि १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. एकाच्या तोंडी ते हत्यार, दुसऱ्याच्या अंगावर त्याचा वळ. मराठीत निदान 'बहिष्कृत' म्हणता येतं, सोसणारा डोळ्यांसमोर उभा राहतो. इंग्रजीतला सोसणारा म्हणजे अजूनही तो वसुलीवाला कॅप्टन, आणि त्याची कीव करायला मी काही तयार नाही.

जातपंचायतींच्या जाचापायी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेयोची कुळं त्यात सापडली असती का, हे जावईबापूंना विचार. वकिली त्यांची, मला आपली उत्सुकता.

तुझा,
मामा