सहाव्या फेरीतला मुलगा

१७१ आणि २१०. गेले दहा दिवस हे दोन आकडे माझ्या डोक्यातून हटत नाहीत. भाजी चिरताना तेच, नातवाला झोपवताना तेच, पहाटे जाग आली की आधी तेच. आता त्यांच्यात १५९ ची भर पडली आहे.

सांगलीहून डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला मुलाकडे आले, तेव्हा हॉकी म्हणजे माझ्यासाठी ध्यानचंद आणि आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. इथली हॉकी बर्फावरची. चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात. एवढं ऐकून होते. पण गुरुवारी रात्री मी थालीपिठं लावत असताना मुलगा, सून आणि मुलाचा एक नागपूरकर मित्र टेबलावर असे काही भांडायला लागले की गॅस बंद करून मीही खुर्ची ओढली.

भांडण होतं एका स्वीडिश मुलावरून. एल्मर सोडरब्लूम. वय २१, उंची ६ फूट ८ इंच. डेट्रॉइट रेड विंग्जने त्याला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १५९ व्या क्रमांकावर घेतलेला. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबर २०२२ ला, तो पहिल्यांदा एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या हॉकी लीगमध्ये, उतरणार होता, आणि आमच्याकडे तिकिटं होती.

ड्राफ्ट म्हणजे काय हे मला त्या रात्री कळलं. आयपीएलचा लिलाव नव्हे, इथे बोली नाही, पैसा मधे येत नाही. इथे पाळी असते. जो संघ गेल्या हंगामात तळाशी, त्याचा नंबर साधारणपणे आधी. त्यातही अगदी वरच्या जागांसाठी सोडत. जगभरातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं, ३२ संघ, सात फेऱ्या. म्हणजे २२४ नावं! पहिल्या दहातली मुलं सगळ्या जगाला माहीत असतात. पण पाचव्या, सहाव्या, सातव्या फेरीत? तिथे कोणाला काही माहीत नसतं. त्यातल्या बहुतेकांना एनएचएलचा एक सामनाही मिळत नाही. आणि तरीही ही माणसं तीन वर्षांपूर्वीच्या १५९ व्या नावावरून जेवण थंड करत होती.

मुलगा म्हणाला, "नुसती उंची बघून घेतलाय." सून उसळली, "उंची बघून घ्यायचा असता तर दुसऱ्या फेरीतच गेला असता. आई, उद्या तुम्ही त्याचे हात बघा, पकवर ते किती हलके चालतात." नागपूरकराचं वेगळंच. "काकू, शेवटच्या फेऱ्यांत गरज बघून पोरगा घ्यायचाच नसतो. आज बचावपटू कमी आहे म्हणून बचावपटू घेतला, तर तो तयार व्हायला चार-पाच वर्षं. तोवर संघात बचावपटूंची गर्दी झालेली असते. ज्याच्यात सगळ्यात जास्त वाढ उरली आहे, तो घ्यायचा."

ज्याच्यात वाढ उरली आहे तो! एकतीस वर्षं शाळेत खो-खो शिकवला मी. हे वाक्य मला कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी मला पावेल दात्सुकची गोष्ट सांगितली. रशियातल्या येकातेरिनबर्गचा मुलगा. लहान चणीचा. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही, १९९७ मध्येही नाही. रेड विंग्जचे युरोपातले स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, होते हाकान अँडरसन. ते रशियात गेले होते दिमित्री कालिनिन नावाच्या बचावपटूला बघायला, त्याची सगळीकडे चर्चा होती. सामना बघता बघता त्यांची नजर भलत्याच पोरावर खिळली. पक त्याच्याकडे आला की जातच नव्हता. पुन्हा एकदा खात्री करून घ्यायला ते मॉस्कोहून निघाले, तर विमानात दुसऱ्या संघाचाही एक स्काउट! तोही तिकडेच निघालेला. आणि हिमवादळ आलं, विमान रद्द झालं, दोघेही पोहोचले नाहीत. त्या दुसऱ्याने दात्सुकला पाहिलंच नाही. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने त्याला सहाव्या फेरीत घेतलं. १७१ वा.

अंगावर काटा येतो हो! एका हिमवादळाने राखून ठेवलेला मुलगा. पुढे तो १४ हंगाम डेट्रॉइटकडून खेळला, दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला, बचावातही तरबेज असणाऱ्या आघाडीपटूला मिळणारा सेल्की करंडक ओळीने तीनदा त्याचा. आणि २१० कोण? हेन्रिक झेटरबर्ग. पुन्हा अँडरसन, पुन्हा दुसऱ्याच मुलाला बघायला गेलेले, पुन्हा नजर एका किरकोळ अंगाच्या पोरावर. १९९९, सातवी फेरी. २००८ मध्ये संघाने स्टॅनले कप जिंकला तेव्हा प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, नंतर संघाचा कर्णधार झाला.

मुलगा एव्हाना उठून उभा राहिला होता. त्याला १९८९ सांगायचं होतं. एकाच ड्राफ्टमध्ये डेट्रॉइटने तिसऱ्या फेरीत निकलास लिडस्ट्रॉम घेतला, चौथ्या फेरीत सर्गेई फेदोरोव्ह आणि अकराव्या फेरीत व्लादिमिर कॉन्स्टांटिनोव्ह, २२१ वा. फेऱ्या तेव्हा जास्त असायच्या. फेदोरोव्ह आणि कॉन्स्टांटिनोव्ह सोव्हिएत संघाचे. ते देशाबाहेर कधी येतील, येतील तरी का, याचा कोणालाच भरवसा नव्हता, म्हणून इतर संघ कचरत होते. डेट्रॉइटने वाट बघायची तयारी ठेवली. फेदोरोव्ह पुढच्याच वर्षी अमेरिकेत सामने खेळायला आलेल्या सोव्हिएत संघातून निसटून थेट डेट्रॉइटला आला!

मला झोप लागली नाही. मी अँडरसनचा विचार करत होते. थंड स्टेडियममध्ये बसलेला एक माणूस, हातात वही, आणि ज्याच्यासाठी आला त्याला सोडून तो दुसरीकडे बघतो आहे. का बघतो? मला वाटतं, मला ते माहीत आहे. खो-खोच्या निवडीला साठ मुली यायच्या. सगळे घड्याळ लावून धावण्याचा वेग बघायचे. मी पाटीत बसलेल्या मुलीच्या टाचा बघायचे. पाठीमागून खो मिळाला की काही मुली आधी मान वळवतात आणि मग उठतात. एखादीच असते, तिची टाच खो ऐकू येण्याआधीच सुटलेली असते. ती कदाचित बारीक असेल, दम कमी असेल, खांबापाशी सूर मारताना घाबरत असेल. ते सगळं शिकवता येतं. टाच शिकवता येत नाही. ते बघणारी माझ्यासारखी माणसं रशियात, स्वीडनमध्ये, फिनलंडमध्ये बर्फाशेजारी बसून आहेत, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं!

सध्या संघ बांधतो आहे स्टीव्ह आयझरमन, डेट्रॉइटचाच जुना कर्णधार. आधी तो टॅम्पाच्या संघाचा कारभार बघत होता. तिथे २०११ मध्ये त्याने दुसऱ्या फेरीत निकिता कुचेरोव्ह आणि सातव्या फेरीत, २०८ वा, ओंद्रेय पालात घेतला. २०२० आणि २०२१ चे स्टॅनले कप टॅम्पाने जिंकले, दोन्ही वेळा हे दोघे संघात. २०१९ मध्ये तो डेट्रॉइटला परतला आणि पहिल्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर मोरित्झ सायडर हा जर्मन मुलगा घेतला. सगळे चकित झाले. त्याच सायडरला २०२२ मध्ये पहिल्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा करंडक मिळाला. आणि त्याच ड्राफ्टचा १५९ वा म्हणजे आमचा सोडरब्लूम.

शुक्रवारी डेट्रॉइटला गेलो. लिटल सीझर्स अरीना. आत पाऊल टाकलं की आधी गारवा लागतो, पावसाळ्यात विहिरीत वाकून बघितल्यासारखा. वर छताला जुन्या खेळाडूंचे क्रमांक टांगलेले, त्यात तिसऱ्या फेरीतल्या लिडस्ट्रॉमचा ५. खाली खेळाडू बर्फावर आले आणि मला ८५ क्रमांक शोधावा लागला नाही. बाकीच्यांच्या खांद्यांवरून त्याचं शिरस्त्राण दिसत होतं.

मी हात बघितले. सूनबाईंनी सांगितलं होतं म्हणून फक्त हात. एवढा मोठा मुलगा, पण पक काठीला आला की मनगटं पोळी उलटताना वळतात तशी सहज वळत होती. पायांना अजून वेळ लागेल. वळताना बर्फावर तो थोडा उशिरा वळतो, ते मला पहिल्या दहा मिनिटांत दिसलं. पण हात!

गोल कसा झाला ते माझ्या डोळ्यांना टिपता आलं नाही, पक फार वेगात जातो. जाळीमागचा लाल दिवा पेटला, भोंगा वाजला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं आणि मुलगा, जो आदल्या रात्री "नुसती उंची" म्हणत होता, माझा दंड धरून ओरडत होता, "आई, एल्मर! एल्मर!" पहिल्याच सामन्यात गोल! सहाव्या फेरीतला मुलगा! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते.

परतीच्या वाटेवर गाडीत पुन्हा भांडण जुंपलं, या वेळी पुढच्या जूनमधल्या ड्राफ्टवरून. शेवटच्या फेऱ्यांतल्या जागा देऊन वरची एक जागा घ्यावी, असं मुलाचं म्हणणं. "उलट करायला हवं," नागपूरकर म्हणाला, "वरची द्या आणि खालच्या चार घ्या, चार जागी पेरलं तर एक उगवेल." गोलरक्षक दरवर्षी एक तरी घ्यायलाच हवा, यावर सून ठाम, ते उशिरा पिकतात. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा होता, पेक्का रिने २५८ वा.

जूनमध्ये मी सांगलीत असेन, मी म्हटलं.

"पहिली फेरी एका दिवशी, बाकीच्या सहा दुसऱ्या दिवशी," मुलगा म्हणाला. "तुझ्याकडे तेव्हा रात्र असेल, आई."

"मी फोन लावीन," सून म्हणाली. "पहिल्या फेरीपासून?"

"चौथीपासून लाव," मी म्हटलं.