आईचा डोळा आणि माझेच शब्द

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बाराव्या दिवशी साताऱ्याहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, आईंचा डोळा लाल झालाय. उजेडाकडं बघवत नाही म्हणतात." मी आष्ट्याला दवाखान्यात होतो. उरलेले रुग्ण संध्याकाळवर ढकलले आणि पेठ नाका, कऱ्हाड असा रस्ता धरला. वाटेत मनात एकच भीती होती. शस्त्रक्रियेनंतर वेदना वाढत जाणे आणि दृष्टी घटणे म्हणजे डोळ्याच्या आत जंतू शिरल्याची शंका. तिथे तास मोजायचे असतात, दिवस नव्हेत.

सुदैवाने जंतुसंसर्ग नव्हता. नेत्रतज्ज्ञांनी यंत्राखाली पाहून सांगितले, दाह उलटला आहे. थेंब नियमित घालता ना, असे विचारताच आई शांतपणे म्हणाली, "चार दिस झालं, बंद केलंय. डोळा झाला की बरा. आन् तूच म्हणतोस न्हवं, ती स्टिरॉईड लई वाईट असत्यात?"

मी निरुत्तर झालो. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्या खाऊन तोंड सुजलेले, साखर वाढलेले कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत, आणि स्टिरॉईडविरुद्धची माझी व्याख्याने आईने ओसरीवर बसून ऐकली आहेत. अर्धेच सांगण्याची ती माझी सवय आता तिच्या डोळ्यात उतरली होती.

शस्त्रक्रियेत गढूळ झालेले भिंग फोडून बाहेर काढतात व त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. कितीही सफाईने केले तरी डोळ्याला ती जखमच. शरीर तिथे पांढऱ्या पेशी धाडते. आतल्या स्वच्छ पाण्यात पेशी आणि प्रथिने तरंगू लागतात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. प्रेडनिसोलोनसारखे थेंब हा उठाव शमवतात. पण उठाव पुरता विझण्याआधीच ते एकाएकी बंद केले, तर दाह पुन्हा उसळतो. म्हणूनच दिवसातून सहा वेळा, मग चार, तीन, दोन असे उतरत्या क्रमाने काही आठवडे घालायचे असतात. तो क्रम शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावा. शेजारणीचा कागद आपल्याला लागू नाही.

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हा यांतले काहीच हाताशी नव्हते. कॉर्टिसोनचा रुग्णावर पहिला प्रयोग १९४८चा, आणि लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसवले ते १९४९ साली. माझ्या आजीचा जाड भिंगांचा चष्मा अजून आमच्या कपाटात आहे.

बाटली पाहिली तर पांढरा साका तळाशी बसलेला. हे औषध पाण्यात विरघळत नाही, तरंगत असते. प्रत्येक वेळी हलवले नाही तर डोळ्यात नुसते पाणीच पडते. हे मीही तिला सांगितले नव्हते. एक थेंब पुरतो. दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे, आणि थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा हलकेच दाबून धरावा.

मग आईला मी दुसरी बाजूही सांगितली. या थेंबांनी काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, म्हणून कळतही नाही, आणि फार काळ राहिला तर काचबिंदू होतो. त्यासाठीच तपासणीच्या तारखा चुकवायच्या नसतात.

उरलेल्या बाटलीची मात्र मला अधिक धास्ती. काही वर्षांपूर्वी उसाचे पाते लागून डोळा दुखावलेला एक तोडणी कामगार माझ्याकडे आला. नात्यातल्या म्हातारीचे शिल्लक थेंब त्याने चार दिवस घातले होते. दोन दिवस बरे वाटले, मग बुबुळावर पांढरा डाग उमटला. पात्यासोबत बुरशी आत गेली होती आणि स्टिरॉईडने डोळ्याचा प्रतिकारच लुळा केला होता. मी त्याला तातडीने मिरजेला धाडले. डोळा राहिला; त्यातून उजेड-अंधाराएवढेच कळते.

आईचा दाह आठवड्यात निवळला, पण थेंब पुढे पाच आठवडे चालू राहिले. शेवटच्या तपासणीत दाब ठीक निघाला. घरी येताच मी बाटली मोरीत रिकामी केली.

"अर्धी हुती की रं अजून," आई हळहळली, आणि सुईत दोरा ओवू लागली.